राखून ठेवलेला तास

शुक्रवार, ५ जुलै १९७४
बंक सात, कॅट्स्किल

प्रिय हेशी,

हे पत्र प्रेमापोटी लिहीत नाहीये, भुकेपोटी लिहितेय. तू आठ उन्हाळे या कॅम्पात काढलेस, पण एकदाही सांगितलं नाहीस की शुक्रवारी घरी लिहिलेलं पत्र दाखवल्याशिवाय शब्बाथच्या जेवणाला आत घेत नाहीत. मिसेस झुकर दारात टोपली घेऊन उभ्या राहतात. पाकीट टोपलीत पडलं की माणूस आत. माझ्या वरच्या खाटेवरच्या टोबीनं पाकिटात कोरा कागद घातला होता. मिसेस झुकरनी पाकीट उजेडात धरलं आणि तिला तशीच परत पाठवली.

सकाळी सातला बिगूल वाजतो. तू वाजवायचास तेव्हा बरा वाजायचा, असं स्वयंपाकघरातले सगळे म्हणतात. आता जो वाजवतो त्याला सर्दी झाल्यासारखं वाटतं. मग प्रार्थना, मग न्याहारी, मग बंकची झोपायची खोली झाडणं. खाटेखाली मोजा सापडला की गुण कापतात आणि मोजा नेहमी टोबीचा असतो. मग पोहणं. तळं इतकं गार आहे की पहिल्या दिवशी मी बाहेर येऊन रडले, पण पाण्यानं तोंड ओलं असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

तुझी निळी टोपी मागितली तर दिली नाहीस. इथे ऊन फार आहे. विचार कर. ताप उतरला का? मावशीला सांग, ताते एक ओळ लिहितील असं बघ. किराणावाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा 'शालोम' लिहिणारा बाप मुलीला विसरतो म्हणजे काय.

तुझी,
शिफ्रा


मंगळवार, ९ जुलै
ब्रॉन्क्स

शिफ्रा पोरी,

अक्षर मावशीचं आहे, अक्कल माझी आहे. बोटं सुजलीत, पेन धरवत नाही. मी सांगतो ते शब्द न शब्द लिहायचं असा करार झालाय. (कराराप्रमाणे लिहितेय. पण त्यानं आज सूप अर्धं टाकलं, हे मी माझ्यातर्फे घालते. — मावशी.)

टोपीचं स्वप्न सोड. डोक्यावरचे केस गेलेत, आता ती मलाच लागते. ही टोपी माझ्या डोक्यावरून कुणी काढणार नाही, तू तर नाहीच.

एक काम सांगतो. तळ्याकाठी होड्या ठेवायची खोली आहे ना, तिच्या एका खांबावर मी चाकूनं काहीतरी कोरून ठेवलंय. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा. कुठला खांब ते सांगणार नाही. शोध.

आणि नीट ऐक. पूर्ण आठ आठवडे राहायचं. मधेच रडून, पोट दुखतं म्हणून, माझं नाव सांगून घरी यायचं नाही. मला घरात तू नकोयस, मला तू त्या तळ्यात हवी आहेस. (हे वाक्य मी बदलू म्हटलं, तो नको म्हणाला. — मावशी.)

हेशी

शालोम, शिफ्रा. इथे सगळं ठीक. नीट जेव. — ताते


शुक्रवार, १२ जुलै

प्रिय हेशी,

चार खांब पाहिले, कोळ्यांच्या जाळ्यांशिवाय काही नाही. दाराकडून मोजायचं की पाण्याकडून, एवढं तरी सांग. जेवणघरात मात्र तू सापडलास. दर वर्षी प्रत्येक बंकची पोरं नावांची पाटी रंगवून भिंतीवर लावतात ना, तशा तुझ्या आठ पाट्या मोजल्या. पहिल्या पाटीत तू नावाची अक्षरं उलट्या क्रमानं लिहून ठेवलीयस. मी टोबीला अभिमानानं दाखवलं आणि मग लाज वाटली.

एकवीस तारखेला भेटीचा रविवार आहे. तू नाही आलास तरी चालेल, पण ताते आणि मावशी येणार ना? मी आता बुडी मारते, डोळे उघडे ठेवून. ते तुम्हांला दाखवायचंय. जेवणाची घंटा झाली. बाकी पुढच्या भुकेला.

शिफ्रा


बुधवार, १७ जुलै

मिसेस झुकर,

फोनवर मला बोलता आलं नाही म्हणून लिहिते. आमचा हेशी सोमवारी पहाटे गेला. मंगळवारी माती दिली. सतरा वर्षांचा होता. तुमच्याकडे बिगूल वाजवायचा, तुम्हांला आठवत असेल.

शिफ्राला सांगितलेलं नाही. त्यानं शेवटच्या शनिवारी माझं मनगट धरून वचन घेतलं की तिचा उन्हाळा मोडायचा नाही. मी आमच्या रब्बींना विचारलं. ते म्हणाले, ज्याला माहीत नाही त्याला कळवलंच पाहिजे असं बंधन नाही. तीस दिवसांच्या आत कळलं तर बहिणीला सात दिवस शोकाला जमिनीलगत बसावं लागतं. तीस दिवस उलटल्यावर कळलं तर एक तास. फक्त एक तास, मग उठायचं. तेरा वर्षांच्या पोरीला सात दिवस आणि एक तास यांत काय द्यावं, हे तुम्हीच सांगा. तिसावा दिवस चौदा ऑगस्टला आहे. पंधराला मी तिला लिहीन. तोवर कृपा करून तोंडातून शब्द जाऊ देऊ नका. तिची पत्रं त्याच्या नावानं येऊ द्यात, उत्तरं मी देईन. अक्षर आधीपासून माझंच आहे.

तिचे वडील बुटक्या स्टुलावर बसलेत आणि भिंतीकडे बघतात. लोक येतात, त्यांना मी चहा देते. नियमानं मी कुणीच लागत नाही. मावशीला शोकाचं स्टूल नसतं, कपडा फाडायचा नसतो. पोरांची आई गेली तेव्हा हेशी पाच वर्षांचा होता आणि शिफ्रा पाळण्यात. तेव्हापासून दोघं माझ्याजवळ आहेत. पण नियम नियम आहे आणि कुणीतरी मोकळं राहायलाच हवं. रविवारी मी एकटी येईन.

पेर्ल रोझ्मारिन


गुरुवार, १८ जुलै

शिफ्रा पोरी,

ताप पुन्हा चढलाय म्हणून रविवारी मी येत नाही. ताते माझ्याजवळ थांबतील. मावशी येईल. तिच्यासमोर बुडी मार आणि तिला घाबरवून सोड, तेवढीच तिला करमणूक.

खांबाचं म्हणशील तर शोधल्याशिवाय सापडत नसतं. सगळं मीच सांगायचं तर तू कशाला गेलीस? पाट्यांवर धूळ असेल तर पुसून घे.

हेशी

शिफ्रा, उन्हात डोकं झाकत जा. — ताते


शुक्रवार, २६ जुलै

प्रिय हेशी,

मावशी आली होती. इतर मुलींचे आईबाप गवतावर चादरी पसरून बसले होते, आजोबा लोक खुर्च्या घेऊन आले होते. आम्ही दोघी झाडाखाली. तिनं चीज भरलेली घावनं आणली होती. सगळा बंक तुटून पडला, कारण उपासाच्या आधीचे हे नऊ दिवस मांस बंद आणि आमची आचारीण मासा असा करते की तो पुन्हा पोहायला लागेल. मावशीनं स्वतः एकही खाल्लं नाही. येताना बसमध्ये खाल्लं म्हणाली. मावशी बसमध्ये पाणीसुद्धा पीत नाही.

मी बुडी मारली. वर आले तर ती काठावर बुटांसकट घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. म्हणाली, किती वेळ आत होतीस गं. मी आठ मोजले होते फक्त.

आणि टोपी. तिनं पिशवीतून तुझी निळी टोपी काढली आणि म्हणाली, हेशीनं दिलीय. मी घातली. मापाला मोठी होते. तू का दिलीस? तुला लागते ना?

खांब दाराकडून की पाण्याकडून? एवढंच लिही.

उद्या शब्बाथ सुटला की तिशा-बावचा उपास लागतो. आपलं प्राचीन मंदिर जळालं त्याचा शोक. जेवणघरातली बाकं उलटी करून सगळा कॅम्प जमिनीवर बसणार आणि मेणबत्तीच्या उजेडात विलापाचं वाचन होणार. टोबी म्हणते, तिला हसू येतं अशा वेळी. मला नाही येणार बहुतेक.

शिफ्रा


मंगळवार, ३० जुलै

शिफ्रा पोरी,

टोपी दिली कारण माझे केस परत यायला लागलेत. थोडेसे, पीच फळावर लव असते तसे. मावशी दर सकाळी हात फिरवून बघते, वीट आणलाय. खांबाबद्दल तोंड उघडणार नाही म्हटलं ना? उपास झेपला का? पाणी भरपूर पी आता.

इथे उकाडा आहे. मी खिडकीजवळ बसतो. खालचा फळवाला तुझी चौकशी करत होता.

हेशी


शुक्रवार, २ ऑगस्ट

प्रिय हेशी,

उपास झेपला. पण माझा कान दुखतो म्हणून या आठवड्यात मी पोहायला जात नाही, गाण्याच्या तासालाही नाही. होड्यांच्या खोलीपाशी सगळ्यांत खालची पायरी आहे तिथे बसते. तिथे सावली असते. नर्सनं कानात बघितलं, तिला काही दिसलं नाही.

आज टोपलीत टाकायला पत्र हवं, तर मला काही जुनं आठवून सांग. मला आईकडून मावशीकडे आणलं तेव्हा मी कशी होते? तू काय म्हणालास? तू पाच वर्षांचा होतास, तुला आठवत असेल. माझ्या हनुवटीवरचा व्रण कसा आला तेही नीट लिही. तू मला ढकललंस असं मी इतकी वर्षं समजत आले. सावकाश लिही. लांब लिही.

तुझी,
शिफ्रा


रविवार, ४ ऑगस्ट

पेर्लबाई,

तुमचा निरोप मी पोटात ठेवला आहे, नवऱ्यालाही बोलले नाही. मुलगी जेवते, झोपते. फक्त आठवडाभर त्या खालच्या पायरीवर एकटी बसायची, पायात कापडी बूट. कालपासून पुन्हा सगळ्यांत मिसळली आहे. कान असेल. काळजी करू नका, तिला काही कळलेलं नाही.

झेल्डा झुकर


मंगळवार, ६ ऑगस्ट

शिफ्रा पोरी,

कानात कोमट तेल घाल, गरम नाही, कोमट. मनगटावर थेंब टाकून बघ आधी.

तू लांब लिही म्हणालीस, तर घे. तुला आणलं तो हिवाळ्याचा दिवस होता. तू हिरव्या दुपट्यात होतीस आणि दोन्ही मुठी आवळलेल्या. मी टेबलाखाली जाऊन बसलो होतो. मावशीनं खूप बोलावलं, आलो नाही. मग तिनं तुला जमिनीवर दुपट्यासकट ठेवलं आणि भांडी घासायला गेली. पाणी बंद करून ती मागे वळली तर मी टेबलाखालून बाहेर आलो होतो आणि तुझी मूठ उघडायच्या नादात होतो, एकेक बोट करून. मी तिला विचारलं, ही आपल्याकडेच राहणार का? ती हो म्हणाली. मी म्हणालो, मग माझ्या खोलीत ठेव, तुला रात्री उठायचा कंटाळा येतो.

व्रणाचं ऐक. मी ढकललं नव्हतं. तू माझ्या मागे जिन्यावरून धावत होतीस आणि मी थांबलो नाही, एवढंच. तुला टाके घालत होते तेव्हा मी दवाखान्याच्या संडासात लपून रडत होतो. मावशीला दाराखालून माझे बूट दिसत होते. तिनं कधी सांगितलं नाही कुणाला.

हेशी


शुक्रवार, ९ ऑगस्ट

प्रिय हेशी,

कान बरा आहे. तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलंय. आणखी लिही. तुला पहिल्यांदा कॅम्पला पाठवलं तेव्हा मावशीनं काय केलं? बस सुटल्यावर? आणि तुला आवडायचा तो बटाट्याचा भाजलेला कुगेल ती पहिल्यांदा कधी शिकली?

इथे कॅम्पचे दोन तुकडे करून लाल-निळ्यांच्या चढाओढी चालू आहेत. मी निळ्यांत. दोरी ओढताना हरलो, टोबीनं मधेच दोरी सोडून डास मारला.

शिफ्रा


गुरुवार, १५ ऑगस्ट

माझ्या शिफ्रा,

कुगेलचं उत्तर मी हेशीच्या नावानं लिहायला बसले आणि लिहू शकले नाही. हे पत्र मावशीचं आहे. आधी कुठेतरी बस.

हेशी गेला. पंधरा जुलैला, सोमवारी पहाटे. मी जवळ होते, ताते जवळ होते. त्याला फार त्रास झाला नाही शेवटी, हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच नाही झाला. त्यानंतर तुला आलेली सगळी पत्रं माझी. टोपीही त्यानं दिली नव्हती. ती खुंटीवर लोंबत होती, ते मला बघवेना.

त्यानं वचन घेतलं होतं. रब्बींनी परवानगी दिली. काल तीस दिवस पुरे झाले, म्हणून आता तुला एकच तास बसायचंय. बुटकं स्टूल मिसेस झुकर देतील. बूट काढ, तासभर बस, आणि मग ऊठ. हा तास मी तुझ्यासाठी महिनाभर जपून आणला. सात दिवस काय असतात ते मी तुझ्या बापाकडे बघून जाणते.

पण आता खरं बोलायला घेतलंच आहे तर पुरतं बोलते. मी हे नुसतं तुझ्यासाठी केलं नाही. लोक सात दिवसांनी यायचे थांबले. ताते कामावर जायला लागले. घरात त्याची खाट आणि मी. मंगळवार आला की मी त्याच्या खुर्चीत बसायची, तुझं पत्र मोठ्यानं वाचायची, आणि तो काय म्हणाला असता ते लिहायची. तेवढा वेळ तो असायचा. तू प्रश्न विचारत गेलीस आणि मला तो पुरवून पुरवून मिळत गेला. तुझ्याशी खोटं बोलून मी माझं पोर महिनाभर ठेवून घेतलं. यासाठी तू माझ्यावर रागावलीस तर ते रास्तच आहे.

तुझी,
मावशी


सोमवार, १९ ऑगस्ट

मावशी,

आज शुक्रवार नाही, हे पत्र जेवणासाठी नाही.

मला माहीत होतं. तिशा-बावच्या संध्याकाळपासून. आम्ही जमिनीवर बसलो होतो आणि आमच्या बंकची आव्हिवा सांगत होती की आज कुणी कुणाला शालोम म्हणायचं नाही, ज्याच्या घरात माणूस गेलंय तो सात दिवस म्हणत नाही तसं. मी उठून बंकमध्ये गेले आणि अठरा तारखेचं पत्र काढलं. तात्यांनी शालोम लिहिला नव्हता. तू एवढं सगळं रचलंस, पण ती एक ओळ तू त्यांना लिहू दिलीस आणि त्यांना खोटं लिहिता आलं नाही. टोपी दिसली तेव्हा मला भीती वाटली होती, ती ओळ पाहून खात्री झाली. मी पत्र परत उशीखाली ठेवलं आणि जेवणघरात येऊन बसले. सगळे रडके चेहरे करून बसलेच होते. मला वेगळं काही करावं लागलं नाही.

मला तीस दिवसांच्या आत कळलं, म्हणून मी सात दिवस बसले. कान दुखत नव्हता. त्या पायरीपेक्षा खाली बसायला इथे काही नाही. कातडी बूट घातले नाहीत, पोहले नाही, गायले नाही. घरी माणसं येऊन बसतात ना, माझ्याकडे कुणी आलं नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. मला फार राग आला, मावशी, तुझा आणि हेशीचाही. शोकातलं पहिलं जेवण, उकडलेलं अंडं, दुसऱ्यानं आणून द्यायचं असतं, स्वतःचं खायचं नसतं, हे मला माहीत होतं. उपास सुटला तेव्हा मी ताटाला हात लावला नाही. मग टोबीनं स्वतःच्या ताटातलं उकडलेलं अंडं माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाली, खा गं, मला पिवळा बलक आवडत नाही. मी ते खाल्लं. टोबीला मी अजून सांगितलेलं नाही की तिनं काय केलं.

खांब सापडला. पाण्याकडून दुसरा. इतकं खाली बसून वर पाहिल्याशिवाय ते कोरलेलं दिसतच नाही, तुळईच्या आड जातं. चित्र नाही, काही नाही. एक रेघ आहे आणि शेजारी 'हेशी, वय तेरा'. त्याची उंची. मी रेघेला टेकून उभी राहिले आणि टोबीला बघायला सांगितलं. मी एक बोट उंच आहे. हे त्याला सांगायला मी किती पळत आले असते.

सातव्या दिवशी, शनिवारी सकाळी मी उठले. उठल्यावर एक चक्कर मारायची असते, ती होड्यांच्या खोलीभोवती मारली.

तू विचारशील, कळलं होतं तर प्रश्न का विचारत राहिले. टेबलाखालची गोष्ट हेशीला इतकी आठवणं शक्य नव्हतं. ते तुला आठवत होतं. तू लिहिणं थांबवलंस तर तुझ्याकडे काय उरेल ते मला दिसत होतं, म्हणून मी लांब लिही म्हणाले. कुगेलचं उत्तर तू दिलं नाहीस. ते मला अजून हवंय, तुझ्या नावानं.

त्यानं सांगितलं होतं तशी मी पूर्ण आठ आठवडे राहीन. पंचवीस तारखेला दुपारी तीनला बस येईल. मिसेस झुकरना मी स्टूल मागितलं नाही. तू जपून आणलेला तास मला लागणार नाही, माझं बसून झालंय. तो माझ्या नावानं तसाच शिल्लक आहे.

तुला नियमात स्टूल नाही. तात्यांचं आहे ते माळ्यावरून काढून ठेव, स्वयंपाकघरात खिडकीपाशी. मी आले की तू बूट काढ आणि तो तास त्यावर बस. कुणी आलं तर दार मी उघडीन, चहा मी करीन. आणि तू काही शिजवून ठेवू नकोस. अंडं मी उकडीन.

तुझी,
शिफ्रा